मोत्या कुठे उभा होता?

आमच्या मोत्याने दादाला बिबट्यापासून वाचवलं, ही गोष्ट मी आजवर खुद्द दादाच्या तोंडून चार वेळा ऐकली आहे आणि चारही वेळा मोत्या वेगवेगळ्या जागी उभा होता.

पहिल्यांदा ऐकली ती दुसऱ्याच दिवशी, फोनवर. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. दीड वाजता दादा बॅटरी आणि काठी घेऊन गव्हाला पाणी द्यायला निघाला, मागून मोत्या. उसाच्या कडेने जाणाऱ्या बांधावर मोत्या एकाएकी थांबला, गुरगुरला, आणि दादाच्या दोन पायांच्या मध्ये शिरून भुंकायला लागला. दादाने बॅटरी मारली तर वीसेक पावलांवर दोन डोळे. दादा ओरडला, मोत्या भुंकला, डोळे विझले. दोघंही उलट्या पावलांनी घरी आले. हे सांगताना दादाचा आवाज अजून कापत होता, म्हणून ही आवृत्ती मी अस्सल मानतो.

दुसरी आवृत्ती शिमग्याला. मोत्या दादाच्या शेजारी उभा होता. तिसरी गावच्या यात्रेत, पाहुण्यांसमोर. मोत्या दहा पावलं पुढे, मान ताठ, शेपूट वर. चौथी भाचीच्या लग्नात, पंगतीला बसल्या बसल्या. या खेपेला मोत्याने झेप घेतली होती आणि बिबट्याच शेपूट घालून उसात पळाला होता. मी दादाकडे पाहिलं. दादाने माझ्याकडे न पाहता आणखी दोन जिलेब्या मागून घेतल्या. खुद्द मोत्या त्या वेळी मांडवामागे पत्रावळी चाटत होता.

मी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होतो. साक्षीदार बोलायचा, साहेब सांगायचे, मी उतरवून घ्यायचो. त्या नोकरीत दोन गोष्टी अंगी मुरल्या. एक म्हणजे साक्ष जितक्या वेळा दिली जाते तितकी ती सुबक होत जाते. पहिली अडखळती असते आणि बहुधा तीच खरी असते. दुसरी म्हणजे कायदा नुसतं कृत्य बघत नाही, हेतूही बघतो. धक्का लागला की धक्का दिला, यावर माणूस घरी जाणार की येरवड्याला, हे ठरतं. मोत्याच्या प्रकरणात माझ्या दोन्ही शंका जाग्या झाल्या. तो नेमका कुठे उभा होता? आणि भुंकला तो कुणासाठी भुंकला, दादासाठी की स्वतःसाठी?

ही शंका मी एकदा बोलून दाखवली. दादा म्हणाला, ‘‘आता कुत्र्याची बी उलटतपासणी घेतो का काय?’’

घ्यायला काय हरकत आहे? मोत्याची सेवापुस्तिका उघडली तर नोंदी संमिश्र आहेत. त्याने आमच्या घराचं आजवर पोस्टमनपासून, गॅसवाल्यापासून, वासुदेवापासून, बाभळीला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीपासून आणि दर रविवारी वहिनींच्या भावापासून प्राणपणाने रक्षण केलं आहे. कुकरच्या तिसऱ्या शिटीला तो अजून माफ करत नाही. मात्र विहिरीवरच्या मोटरीची केबल चोरीला गेली त्या रात्री त्याने हूं की चूं केलं नाही. चोर ओळखीचा असणार, असं वहिनींचं मत आहे. म्हणजे मोत्याला चोर माहीत आहे आणि तो सांगत नाही.

हा हेतूचा किडा माझ्या डोक्यात नोकरीच्याही आधीपासून आहे. तिसरी-चौथीत असताना गुरुजींनी पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट सांगितली. आई पाण्याला जाते, पाळण्यात बाळ, राखणीला घरचं मुंगूस. साप येतो, मुंगूस त्याला मारतं आणि रक्ताळलेल्या तोंडाने दारात आईला सामोरं जातं. आईला वाटतं, याने बाळ खाल्लं. ती पाण्याची घागर त्याच्या अंगावर घालते. आत जाते तर बाळ खेळतंय आणि शेजारी सापाचे तुकडे. सगळा वर्ग हळहळला. मी हात वर केला आणि विचारलं, ‘‘गुरुजी, पाळण्यात बाळ नसतं तरी मुंगसानं साप मारलाच असता ना?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘खाली बस.’’

तो प्रश्न तेव्हापासून उभाच आहे. मुंगसाला साप दिसला की तो सोडत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग पाळण्याजवळच्या सापाला मारलं की ती माया आणि बांधावरच्या सापाला मारलं की ती न्याहारी, असं कसं? गोष्टीतल्या बाईने मुंगसाला आधी विनाचौकशी मारलं आणि मग विनाचौकशी हुतात्मा केलं. पहिली घाई चूक होती, हे पंचतंत्र सांगतं. दुसरीबद्दल कुणीच बोलत नाही.

गंमत म्हणजे हीच गोष्ट तिकडे वेल्समध्येही आहे. मुंगसाच्या जागी राजाचा शिकारी कुत्रा गेलर्ट आणि सापाच्या जागी लांडगा. बेडगेलर्ट नावाच्या गावात त्या कुत्र्याची कबरही दाखवतात. ती कबर अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका खाणावळवाल्याने गिऱ्हाईक वाढावं म्हणून रचली, असं सांगतात. आपल्याकडच्या समाध्यांच्या वादात मी पडत नाही. रायगडावरच्या वाघ्याच्या प्रश्नावर माणसंच एकमेकांच्या अंगावर इतकी धावून गेली आहेत की कुत्र्याकडे कुणाचं लक्षच नाही. महाभारतकारांनाही कुत्रा शेवटपर्यंत कुत्रा म्हणून ठेवता आला नाही. हस्तिनापुरापासून तो बिचारा पांडवांच्या मागून चालत आला, द्रौपदी पडली, चार भाऊ पडले, हा चालतच राहिला. आणि स्वर्गाच्या दारात तो साक्षात यमधर्म निघाला. मला लहानपणी फार वाईट वाटलं होतं. इतकं चालून आलेला एखादा साधा, धुळीने भरलेला, गोचीड लागलेला कुत्रा असता तर काय बिघडलं असतं?

विज्ञानाने बरोबर उलटं टोक गाठलं. लॉइड मॉर्गन नावाचे एक इंग्रज प्राध्यापक होते. त्यांच्याकडे टोनी नावाचा टेरियर कुत्रा होता. टोनी फाटकाच्या गजांतून डोकं घालून कडी वर उचलायचा आणि फाटक उघडून रस्त्यावर जायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, काय अक्कल आहे! पण मॉर्गनसाहेबांनी टोनीला सुरुवातीपासून बघितलं होतं. तो गजांतून रस्ता बघायला डोकं घालायचा, कधी या फटीतून, कधी त्या, आणि एकदा योगायोगाने डोकं कडीखाली आलं. असं बऱ्याचदा झाल्यावर त्याला सवय लागली. १८९४ साली साहेबांनी नियम मांडला. प्राण्याचं वागणं खालच्या दर्जाच्या मानसिक क्रियेने समजावता येत असेल, तर वरच्या दर्जाची क्रिया त्याच्या नावावर जमा करू नये. मोत्यापुरतं सांगायचं तर, भीतीने काम भागत असेल तिथे माया खर्ची घालू नये.

नियम चांगला आहे, काटकसरी आहे. सरकारी ट्रेझरीत शोभला असता. फक्त तो माणसांना लावून बघायची सोय हवी होती. दादा रात्री दीड वाजता गव्हाला पाणी द्यायला जातो ते काळ्या आईच्या प्रेमापोटी की सोसायटीच्या हप्त्यापोटी? तीस वर्षांच्या सवयीने भागत असेल, तर प्रेम कशाला खर्ची घालायचं?

कुत्रा खरोखर मदतीला धावतो का, याचे प्रयोगही झाले आहेत. कॅनडात २००६ साली दोघा मानसशास्त्रज्ञांनी मालकांना मैदानात नेऊन छातीत कळ आल्याचं सोंग करायला लावलं. मालक कोसळला, निपचित पडला. जवळच एक अनोळखी माणूस मुद्दाम बसवलेला. कुत्रा त्याच्याकडे धावतो का बघायचं. दुसऱ्या खेपेला मालकाच्या अंगावर पुस्तकांचं कपाट पडल्याचा देखावा केला. एकाही कुत्र्याने कुणाकडे मदत मागितली नाही.

हे वाचल्यावर मला राहवेना. एकदा गावी गेलो तेव्हा दुपारी अंगणात, मोत्या जागा आहे असं बघून, मी छातीवर हात दाबला, ‘‘अगं आई गं’’ म्हणालो आणि पेंढीच्या ढिगाशेजारी आडवा झालो. मोत्या आला. माझं तोंड हुंगलं, हात हुंगला, एकदा डावा कान चाटला, आणि मग माझ्या पोटाला पाठ लावून सावलीत झोपला. मी पडूनच राहिलो. पाच मिनिटांनी वहिनी ओसरीवर आल्या, त्यांनी बघितलं, म्हणाल्या, ‘‘भावोजी, उठा, चहा गार व्हतोय,’’ आणि आत गेल्या. मग आमची ही दारात आली. तिने माझ्याकडे, मग मोत्याकडे बघितलं आणि ‘‘चादर तरी घ्यायची खाली’’ म्हणून परतली. पुतण्या मोबाइलमध्ये बघत मला ओलांडून गेला.

प्रयोगात मोत्या नापास झाला, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण निकाल लावायचा तर सगळ्यांचा लावावा लागेल.

पुढे एक बातमी वाचली आणि मोत्याची फेरतपासणी करावीशी वाटली. २०२२ साली बेलफास्टच्या विद्यापीठात असं दिसलं, की ताणात असलेल्या माणसाचा घाम आणि श्वास कुत्र्यांना वासावरून बरोबर वेगळा ओळखता येतो. म्हणजे मोत्याने मला हुंगलं तेव्हा त्याला छातीत कळ नसलेला, पोटभर जेवलेला, थोडा ओशाळलेला माणूस समजला असणार. त्याने सोंग ओळखलं. खोट्या फिर्यादीत पोलीस धावले नाहीत, एवढाच त्याचा गुन्हा.

अमेरिकेत याहून बरे प्रयोग झाले. २०१८ साली एका प्रयोगात मालकाला चुंबकाने अडवलेल्या पारदर्शक दारामागे बसवलं. काहींनी रडायचं, काहींनी बालगीत गुणगुणायचं. एकंदर ३४ कुत्री. साधारण निम्म्यांनी दार उघडलं, रडण्यालाही आणि गाण्यालाही. पण रडणं ऐकून ज्यांनी उघडलं त्यांनी ते कितीतरी लवकर उघडलं. मला यातली दुसरी गोष्ट जास्त भिडली. ज्या कुत्र्यांनी रडणाऱ्या मालकासाठी दार उघडलं ती त्यातल्या त्यात शांत होती. जी मालकाचं रडणं ऐकून फार कासावीस झाली ती जागच्या जागी खिळली. वडिलांना दवाखान्यात नेलं त्या रात्री दादा केसपेपर, रक्त, औषधं असा चार मजले धावत होता आणि मी जिन्यापाशी फाइल छातीशी धरून उभा होतो. वडिलांवर माझी माया कमी होती, असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.

दोन वर्षांनी ॲरिझोनात ६० कुत्र्यांचे मालक मोठ्या खोक्यात बसून ‘वाचवा’ म्हणून ओरडले. २० कुत्र्यांनी मालकाला बाहेर काढलं. तिसरा हिस्सा. आता तुम्ही म्हणाल, बाकीच्या ४० जणांना काही पडलेली नव्हती. पण त्याच खोक्यात खाऊ टाकला तेव्हा किती जणांनी उघडलं? १९. म्हणजे मालक आणि खाऊ यांत मालक एका मताने निवडून आला. प्रश्न मायेचा नव्हता, खोकं उघडता येतं की नाही याचा होता. मालक खोक्यात निवांत मासिक वाचत बसला तेव्हाही १६ कुत्र्यांनी त्याला बाहेर काढलंच. त्यांना वाचनाची आवड नसावी.

आणि एक मांजर. कॅलिफोर्नियात २०१४ साली दारात सायकल खेळणाऱ्या लहान मुलाचा पाय शेजारच्या कुत्र्याने धरला, तेव्हा घरची मांजर बाणासारखी आली आणि त्या कुत्र्याला धडक मारून तिने त्याला पिटाळून लावलं. कॅमेऱ्यात सगळं आलं आहे. पुढच्या वर्षी तिथल्या प्राणिसंस्थेने तिला पुरस्कार दिला. पुरस्काराचं नाव ‘वीर कुत्रा’. मांजरांबद्दल माझं मत फार बरं नाही, पण या सन्मानावर त्या मांजरीला काय वाटलं असेल याची मी कल्पना करू शकतो.

मुंबईकरांना झंजीर आठवत असेल. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रेडोर. १९९३च्या स्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढलं, शिवाय डिटोनेटर आणि हातबॉम्ब. ही स्फोटकं फुटली असती तर किती माणसं गेली असती, याचा हिशेब करवत नाही. २००० साली तो कर्करोगाने गेला, तेव्हा पोलीस अधिकाऱ्यांनी त्याच्यावर फुलं वाहिली. आता झंजीरचा हेतू काय होता? अशा कुत्र्यांचं शिक्षण म्हणजे एक खेळ असतो. अमुक वास सापडला की बसायचं, बसलं की चेंडू मिळतो किंवा शाबासकी. त्याला आरडीएक्स माहीत नव्हतं, मुंबई माहीत नव्हती. आपल्या हॅंडलरचा चेहरा खुलतो, एवढं माहीत होतं. हजारो लोक एका कुत्र्याच्या खेळाच्या हौसेवर वाचले. आणि मला यात काही उणं वाटत नाही. सरकारी खात्यात नुसत्या शाबासकीवर इतकं काम करणारा दुसरा कर्मचारी मी तरी पाहिलेला नाही.

आता पुन्हा बांधावर येऊ. बिबट्या आमच्याकडे नवा नाही. धरणं झाली, ऊस आला, उसात बिबट्यांच्या माद्या वितात, तिथेच पिल्लं वाढतात. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्रच आहे. पण बिबट्या आमच्या वस्तीत येतो तो माणसासाठी नव्हे. शेजारच्या अकोले भागात अभ्यासकांनी बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांच्या आहाराचा हिशेब मांडला. वजनाने बघितलं तर ८७ टक्के खाणं पाळीव जनावरांचं निघालं आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या-कोंबड्या मागे.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनातल्या खटल्याने एकदम कूस बदलली. त्या रात्री बांधावर बिबट्याचं सावज दादा नव्हताच. मोत्या होता. दादा उगाच मध्ये आलेला. मोत्या दादाच्या पायांत शिरला तो दादाला वाचवायला नव्हे, दादाच्या आड लपायला. त्याच्या भुंकण्याचा अर्थ आम्ही ‘मालक, मी आहे’ असा लावला. तो ‘मालक, मला वाचवा’ असाही असू शकतो. म्हणजे खरं पाहता दादाने मोत्याला बिबट्यापासून वाचवलं, आणि आमच्या घरात गेले चार महिने उलटी गोष्ट सांगितली जात होती.

लग्नाच्या रात्री मांडव आवरल्यावर हा शोध मी ओसरीवर जाहीर केला. टक्केवारीसकट. दादा काही बोलला नाही. खाटेवर आई सुपारी कातरत बसली होती. ती पंच्याऐंशीची आहे, आणि मोत्यावर तिचा विशेष जीव आहे असंही नाही. कुत्र्याने उंबरा ओलांडायचा नाही, हा तिचा कायदा. तिने अडकित्ता थांबवला.

‘‘भ्यालं आसंल की,’’ ती म्हणाली. ‘‘भ्यायला काय झालं? पर पळालं का?’’

‘‘नाही.’’

‘‘पाय चार हायेत त्याला. दादाला दोनच. पळालं आसतं तर कोण मागं राह्यलं आसतं?’’

मी गप्प बसलो. एकतीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मी फार थोड्या वकिलांच्या तोंडून उतरवून घेतला आहे. मोत्या पळाला असता तर बिबट्या त्याच्या मागे गेला असता की दादावर वळला असता, मला माहीत नाही. आईलाही नाही. पण कुत्रा पायांत शिरला, म्हणजे जवळ राहिला, एवढं खरं. रात्रीच्या वेळी कळपाला धरून राहणं ही कुत्र्याची उपजत बुद्धी, असं मॉर्गनसाहेब म्हणतील. असेल. पण मग दादा त्याचा कळप केव्हा झाला, हे कुणीतरी सांगायला हवं. मोत्या काही दादाच्या पोटी जन्माला आलेला नाही. पावसात भिजत बाजारातून पिशवीत आणलेलं पिल्लू ते.

डार्विनने १८७१ सालच्या आपल्या पुस्तकात एका माकडाची हकिगत दिली आहे. प्राणिसंग्रहालयातलं लहानसं माकड. एका पिंजऱ्यात त्याच्यासोबत दांडगा बबून. त्या बबूनला हे माकड विलक्षण भ्यायचं. एक दिवस बबून रखवालदाराच्या अंगावर गेला आणि त्याच्या मानेला डसला. ते भित्रं माकड धावलं, किंचाळलं, बबूनला चावलं, आणि त्या गडबडीत रखवालदार सुटला. रखवालदार त्याचा दोस्त होता, असं डार्विन लिहितो. मला वाटतं, आमच्या आईने आणि डार्विनने एकाच गोष्टीवर बोट ठेवलं. भीती उपजत आहे, हे मान्य. पण ती भीती असताना जे केलं जातं, त्याचं काय?

आणि आईला हे सांगायचा अधिकार आहे. मी तीन वर्षांचा असताना बेंदराच्या दिवशी आमचा खिलारी बैल उधळला. शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळ, समोर वेशीत मी आणि माझ्याच वयाचा चुलतभाऊ. आई विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. कळशी कुठे गेली, ती मध्ये कधी आली, कुणालाच दिसलं नाही. मी तिच्या खांद्यावर होतो आणि बैल भिंतीला अंग घासत पुढे गेला. पुढे मोठेपणी मी तिला विचारलं, त्या वेळी तुझ्या मनात काय आलं? ती म्हणाली, ‘‘मनात कशाचं येतंय? पाय उचललं ग्येलं.’’

पाय उचललं ग्येलं. कर्मणी प्रयोग. कर्त्याचा पत्ता नाही. मॉर्गनसाहेबांना यापेक्षा स्वच्छ कबुलीजबाब मिळाला नसता: विचार नाही, हेतू नाही, निव्वळ उपजत क्रिया. या साक्षीवर कुणी म्हणावं, की आईने मला मायेने नव्हे, सवयीने उचललं! चुलतभाऊ मात्र तसं म्हणतो. ‘‘दोघं होतो ना रे आपण? मग तुलाच का?’’ तो बैलाच्या पलीकडच्या अंगाला राहिला आणि सुदैवाने वाचला, पण साठ वर्षं झाली तरी दर बेंदराला तो आईसमोर हा विषय काढतो. आई म्हणते, ‘‘तू दिसलाच न्हाईस मला.’’ दादाचं लक्ष तेव्हा बैलाकडे होतं, असं दादा सांगतो. ही साक्षही गेल्या काही वर्षांत सुधारत चालली आहे.

त्यानंतर मी मोत्याची चौकशी बंद केली. पुरावा पुरेसा नाही म्हणून नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर माझ्या आईलाही स्वतःबद्दल देता आलं नाही, तो मी एका गावठी कुत्र्याला विचारत होतो, आणि त्याच्याकडून मी आईपेक्षा जास्त स्वच्छ हेतूची अपेक्षा धरली होती. चंद्रपूरकडचे गुराखी सांगतात, वाघ आला की म्हशी गोल करून त्याच्यावर चालून जातात आणि गुराखी आत सुरक्षित राहतो. त्या म्हशी गुराख्यासाठी उभ्या राहतात की स्वतःच्या रेडकांसाठी, हे त्या गुराख्याने कधी विचारलं असेल असं वाटत नाही. तो संध्याकाळी त्यांना पेंड घालतो.

या हिवाळ्यात शेजारच्या मळ्यातला कुत्रा गेला. साखळीने बांधलेला होता, सकाळी साखळी राहिली. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली: दिवे लावा, कोंबड्यांचं खुराडं बंद ठेवा, कुत्र्याला रात्री उघड्यावर बांधू नका. तुमचं गाव उसाच्या पट्ट्यात असेल तर हे तुम्हीही करा. राखणीला म्हणून दारात बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. बिबट्याला तर तेच आवतण.

दादाने त्याच रात्री मोत्याला आत घेतलं. आईच्या कायद्याचं काय झालं, हे मी वहिनींना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘आत्यांच्याच खाटेखाली झोपतोय. आन् भावोजी, घोरतो बी.’’